नातं लिहायचं राहिलं

कोर्टाच्या कुंपणालगत, पत्र्याच्या छपराखाली, काना-मात्राबाई एकतीस वर्षं टायपिंग करत होत्या. आधी खटखटणारं यंत्र होतं, मग कॉम्प्युटर आला आणि त्याच्या शेजारी कण्हत चालणारा प्रिंटर. मृत्युपत्रं, घटस्फोटाचे अर्ज, मुलं कुणाकडे राहणार याची कबुलीपत्रं, भावाभावांच्या वाटण्या, माणसांच्या घरात जे जे म्हणून फाटतं ते सगळं त्यांच्या बोटांखालून जायचं. आणि बाई स्वतः कशा, तर शेजारी कुणी मोठ्याने बोललं तरी दचकणाऱ्या. घराला कुलूप लावून निघाल्या की कोपऱ्यावरून परत यायच्या आणि कुलूप ओढून बघायच्या. मग ओढल्यामुळे ते निघालं तर नसेल ना, म्हणून आणखी एकदा.

काना-मात्राबाई हे नाव त्यांना शेजारच्या टेबलावरच्या मुद्रांकवाल्याने दिलं होतं. बाई स्वर्गात गेल्या तरी आधी दारावरच्या पाटीचं शुद्धलेखन तपासतील आणि मगच आत पाऊल टाकतील, असं तो म्हणायचा. बाई हसायच्या, पण त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. कामाच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या हातून एका मृत्युपत्रात एक काना राहिला होता. म्हाताऱ्या मामाला घर भाचीला द्यायचं होतं. भाचीच्या आणि भाच्याच्या नावात फरक तो काय एका कान्याचा, आणि नेमका तोच गेला. घर भाच्याने बळकावलं. भाची एक दिवस बाईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, नुसती बघत राहिली आणि निघून गेली. भांडली असती तर परवडलं असतं.

त्या दिवसापासून बाईंनी स्वतःपुरता एक नियम केला. मृत्युपत्र ज्याचं आहे त्याचं नाव वर एकदा लिहायचं, बाकी सगळीकडे नातं. माझी मुलगी, माझा धाकटा भाऊ, माझी पत्नी. नावात चूक होते, नात्यात कसली होणार? वकीलमंडळी कुरकुरायची, पण बाईंच्या कागदात एकही खाडाखोड नसायची, त्यामुळे चालून जायचं. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं चाललं.

तीन आठवड्यांपूर्वी चष्मेवाला आला होता. बाईंच्या डोळ्यांवरचा पहिला चष्मा त्यानेच बसवलेला, त्यामुळे त्या त्याला दादा म्हणायच्या आणि त्याच्या बायकोला वहिनी. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं घर. तो काचा घासायचा, वहिनी काउंटरवर बसून काड्यांचे स्क्रू आवळायच्या आणि गिऱ्हाइकांच्या नाकाची मापं काढताना अशी काही थट्टा करायच्या की माणूस दोन चष्मे घेऊन जायचा. मूलबाळ नव्हतं. आता दादाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याआधी त्याला घर-दुकान वहिनींच्या नावे करून ठेवायचं होतं. बाईंनी नियमाप्रमाणे लिहिलं, 'माझ्या पश्चात माझं राहतं घर व दुकान माझ्या पत्नीस मिळावं.' दादाने सही केली. साक्षीदार म्हणून मुद्रांकवाला होता आणि कोर्टाच्या फायली शिवणारा म्हातारा होता.

ऑपरेशन उद्या सकाळी होतं. आणि आज, टेबलावरचं फडकं झटकून बाई बसताहेत तोच समोर एक ग्रंथपालबाई आल्या. बरोबर त्यांचा भाऊ. बाईंनी त्यांना लगेच ओळखलं. चष्मेवाल्याची पहिली बायको. एकोणीस वर्षांपूर्वी दोघांच्या संमतीने घटस्फोटाचा अर्ज झाला होता आणि तो बाईंनीच टाइप केला होता. किती शहाणी माणसं, भांडण नाही तंटा नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

ग्रंथपालबाईंना निवृत्तीच्या फॉर्मबरोबर घटस्फोटाच्या निकालाची नक्कल जोडायची होती. ती मागायला त्या आत गेल्या, तर रेकॉर्डच्या कारकुनाने सांगितलं की निकाल झालेलाच नाही. शेवटच्या तारखेला दोघंही गैरहजर, म्हणून अर्ज फेटाळून टाकलेला. तो जाईल असं तिला वाटलं होतं, ती जाईल असं त्याला. आता नवा अर्ज करायला हवा, तो टाइप करून द्या, असं त्या सांगत होत्या.

"म्हणजे इतकी वर्षं मी त्याची बायकोच आहे की!" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या.

भाऊ हसला नाही. त्याने शांतपणे विचारलं, "ते घर कुणाच्या नावावर आहे हल्ली?"

बाईंची बोटं कीबोर्डवर होती ती तिथेच राहिली. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो लग्नं मोडायला काढली होती, पण त्यातलं मोडलं कोणतं हे कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या हातून अर्ज आत जायचा, बाहेर काय यायचं ते वकिलाला माहीत. अर्ज टाइप झाला की बाईंच्या लेखी मामला संपला. वहिनींशी दादाचं लग्न लागलं तेव्हा त्या स्वतः जाऊन जेवून आल्या होत्या!

विजेचं काहीतरी कारण सांगून त्यांनी भावा-बहिणीला उद्यावर ढकललं आणि तडक वकीलबाईंकडे गेल्या. नाव न घेता, एका पार्टीचं असं असं आहे, म्हणून सगळं सांगितलं. वकीलबाईंनी फाइलीतून मान वर काढली नाही. नाव नसेल तर पत्नी म्हणजे कायद्याने जी पत्नी ती, त्या म्हणाल्या. माणूस गेल्यावर भांडत बसतील दहा वर्षं, आणि ज्या बाईला तो घर देऊ बघत होता ती तोवर रस्त्यावर. जिवंत आहे ना तो? मग आजच बदला.

बाई येऊन टेबलापाशी बसल्या. खरं सांगायचं तर एक क्षण त्यांच्या मनात आलं की गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? दादा उद्या बरा होऊन घरी येईल, पुढचं पुढे. आणि सांगायचं तर सांगायचं कसं? तुमची बायको तुमची बायको नाही, आणि घर मी दुसरीलाच लिहून ठेवलंय, असं? मग त्यांना ती भाची दिसली, टेबलासमोर नुसती उभी असलेली. त्यांनी वहिनींना फोन केला, आवाज शक्य तितका साधा ठेवला, म्हणाल्या की कागदात एक तांत्रिक चूक राहिलीय, जुना कागद हॉस्पिटलात घेऊन या आणि येताना तुमचा जन्माचा दाखला पण आणा.

नवा कागद त्यांनी तिथेच टाइप केला. वहिनींचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, पत्ता. जन्मतारखेची जागा दाखला बघून हाताने भरायला रिकामी ठेवली. नाव सरळ वाचलं, मग शेवटच्या अक्षरापासून उलटं वाचलं, कारण सरळ वाचताना डोळा चूक स्वतःच भरून काढतो. पाच वेळा वाचलं, तरी प्रिंटरमधून कागद निघाल्यावर आणखी एकदा. मुद्रांकवाल्याने आज थट्टा केली नाही. त्याने फायली शिवणाऱ्याला उठवलं आणि तिघं निघाले. वाटेत बाईंना एकच भीती, आपण पोचायच्या आत दादाला काही झालं तर.

दादा उशांना टेकून बसला होता. चष्मा नसल्यामुळे चेहरा परक्या माणसासारखा दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला चार प्रश्न विचारून तो पूर्ण शुद्धीत असल्याचं लिहून दिलं. ज्याला मिळायचं त्याने सहीच्या वेळी खोलीत थांबू नये, असं सांगून बाईंनी वहिनींना बाहेर बसवलं. दाखल्यावरून जन्मतारीख भरली. मग वाकून, हळू आवाजात, दादाला सगळं सांगितलं. दोनदा अडखळल्या.

दादाला धक्का बसला नाही. बाईंना जास्त भीती वाटली ती त्याचीच. वकील कळवतो म्हणाला होता, तो पुटपुटला. वाट बघितली. मग विचारायची छाती झाली नाही, आणि मग हिला सांगायची झाली नाही. रोज सकाळी दुकान उघडताना वाटायचं, आज कुणीतरी येऊन सांगणार. इतकी वर्षं.

त्याने सही केली. साक्षीदारांनी सह्या केल्या आणि दोघंही घाईघाईने बाहेर गेले, कारण आता काय होणार हे त्यांनाही कळत होतं.

वहिनी आत आल्या. पर्समधून स्वतः बसवलेला वाचायचा चष्मा काढला आणि नवा कागद हातात घेतला. त्यांचं बोट ओळीखाली सरकत गेलं, थांबलं, मागे आलं. दादाने डोळे मिटून घेतले होते, झोपल्यासारखे, पण पापण्या हलत होत्या.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "ह्यात नातं लिहायचं राहिलंय."

कोपऱ्यात कसलंतरी यंत्र टुकटुक करत होतं. बाईंना वाटलं, आता म्हणावं की नियम बदलला, की हल्ली नावच लिहितात. जीभ तिथपर्यंत आली होती.

"नातं लिहिलं असतं तर घर गेलं असतं, वहिनी," त्या म्हणाल्या.

वहिनींनी दादाकडे बघितलं. त्यांचा हात पलंगाच्या दांडीवर घट्ट झाला. बाईंना वाटलं, आता ह्या ओरडणार, आणि माणसाचं हृदय हे असं. पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नवा कागद रिपोर्टांच्या फाइलीत ठेवला आणि जुना बाहेर काढला.

"ह्याचं काय करायचं?"

रद्द करायचा, बाईंनी सांगितलं. खरं तर फाडलेलाच बरा.

"फाडू नका," वहिनी म्हणाल्या. "घर त्या कागदावर राहू दे. हा रद्द करून मला द्या. ह्यात नातं लिहिलंय."

दादाने डोळे उघडले. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण वहिनींनी त्याच्याकडे पाठ केली होती. तो बाईंकडे बघत नुसती मान हलवत राहिला, हो, हो, असं.

बाईंनी पर्समधून स्टीलची पट्टी आणि पेन काढलं. वर मोठ्या अक्षरात रद्द लिहिलं, त्याखाली दादाची सही घेतली. मग एकेका ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारत खाली आल्या. चौथ्या ओळीवर हात अडला. एक शब्द मोकळा राहिला तर त्यातून काय उभं राहू शकतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ग्रंथपालबाईंचा तो भाऊ त्यांच्या डोळ्यांसमोर आला. त्यांनी रेघ 'पत्नीस'च्या अलीकडे आणून थांबवली, पेन उचललं, आणि त्या शब्दाच्या पुढे टेकवून ओळ पुरी केली.

वहिनींनी कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

बाई जिना उतरल्या. फाटकापर्यंत पोचेतो त्या दोनदा थांबल्या. मागे जावं, काहीतरी निमित्त काढून तो कागद मागावा आणि ती रेघ पुरी करून टाकावी, असं दोन्ही वेळा वाटलं. मग त्या रस्ता ओलांडून घराकडे चालू लागल्या, आणि कोपऱ्यावर आल्या तरी परत फिरल्या नाहीत.