भासरे चढले

सुमनकाकूंचा रक्तदाब चढला की त्या डोक्यावर पदर घेत. आधी पदर, मग मशीन. अकोल्यात जठारपेठेत मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहत होतो. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा वाटलं, बाई देवाचं नाव घेत असतील. विचारलं, "काकू, काय झालं?"

"भासरे आले न बापा," त्या हळूच म्हणाल्या.

मी दाराकडे पाहिलं. दारात मांजरसुद्धा नव्हतं.

आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणतात. बाईनं त्याचं नाव घ्यायचं नाही. तो आला की पदर घ्यायचा, तो खुर्चीवर बसला की आपण खाली बसायचं. काकूंचे भासरे दादाराव अमरावतीला असत, आणि काकूंनी आपल्या बीपीला त्यांचं नातं बहाल केलं होतं. दाब वाढला की "भासरे चढले", गोळी लागू पडली की "भासरे उतरले". मी एकदा हसलो तर म्हणाल्या, "हसू नको. नाव घेतलं का मी त्याईचं? नातं सांगतलं फक्त." बाई रीत पाळून सूड घेत होत्या! मला तर तो अमरावतीच्या बासुंदीपेक्षा गोड लागायचा.

पण दुखणं खरं होतं. काका गेले आणि ते सुरू झालं. कुकरची शिट्टी वाजली की छातीत धडधड, हात गार. मशीन लावलं की आकडा पाहून घाबरायच्या, आणि घाबरल्या की आकडा आणखी वर. दवाखान्यात मात्र सगळं छान! तिथले डॉक्टर "बसा काकू" म्हणून खुर्ची द्यायचे, घरची चौकशी करायचे. असं खालीवर होतं काहींचं, गोळ्या मात्र चुकवू नका, एवढं सांगून धीर द्यायचे. दादारावांनी यातलं सोयीचं तेवढंच उचललं. "डॉक्टरकडं उतरते अन् घरी चढते? हे दुखनं नाही, नाटक आहे," असं त्यांनी काकांच्या वर्षश्राद्धाला भर पंगतीत, भजी खात सांगितलं. वाढता वाढता काकूंचा हात थांबला. पुढची भजी त्यांनी दादारावांच्या पानात न वाढता शेजारच्याला वाढली.

"एक डाव त्याईच्याच तोंडून निंगू दे, नाटक नव्हतं म्हनून," त्या मला म्हणाल्या. "तवरक मी मरत नाही."

पुढे दादारावांच्या मुलाला अकोल्यात नोकरी लागली आणि दादारावांचं निदान एका रात्रीत बदललं. नाटक एकदम गंभीर आजार झालं. "बीपीची बाई. त्यात घाबरट. एकटी कशी राहीन?" काकूंना अमरावतीला आपल्या मागच्या खोलीत न्यायचं आणि हे घर मुलाला द्यायचं, असा बेत. कुळातल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन ते बैठकीला आले. काकूंची मुलगी विद्या नागपूरहून धावत आली. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण असला खेळ सोडतो कोण?

दादारावांनी पिशवीतून स्वतःचं मशीन काढलं. "मोजा म्हना सगळ्याईसमोर." काकूंनी पदर घेतला, सतरंजीवर बसल्या, हात पुढे केला. मशीन फुगत गेलं. आकडा पाहून थोरले म्हातारे "अरे बापरे" म्हणाले. विद्याचे डोळे भरले. दादाराव हसले. "पाह्यलं? आता बोला."

काकू थोरल्या म्हाताऱ्यांकडे वळल्या. "मामंजी, एक इनंती आहे. भासऱ्याईले जरा बाहेर ओट्यावर बसवता का?"

"काहून?" दादाराव ओरडले.

"बस न बाहेर, दादाराव. काय जाते तुयं?" म्हातारे म्हणाले.

ते गेले. विद्यानं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. थोड्या वेळानं पुन्हा मोजलं. आकडा बराच खाली. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोरल्यांच्या डोळ्यांत माझ्यासारखीच चमक आली. "दादाराव, ये बरं आत!" दादाराव आत आले, पदर वर गेला, मशीन लावलं. आकडा पुन्हा वर!

"भासरे चढले," माझ्या तोंडून निसटलं.

बैठक अशी हसली की ओट्यावरचं कुत्रं उठून गेलं. दादाराव लालबुंद झाले. "आता तुयंही होऊन जाऊ दे," थोरल्यांनी त्यांचा हात धरला. पट्टा बांधला. मशीन फुगलं, थांबलं, पुन्हा फुगलं. आकडा आला तेव्हा कुणी हसलं नाही. काकूंच्याही वर होता. डॉक्टरांनीही मग शिक्कामोर्तब केलं. दादारावांना रोजची गोळी लागली.

आणि काकूंचा खरा सूड इथून सुरू झाला. रोज सकाळी अमरावतीला फोन. "जाऊबाई, भासऱ्याईनं गोळी घेतली का? लोनचं देऊ नका. अन् बीपीचा मानूस आहे, एकटं सोडू नका बरं त्याईले." जाऊबाईंनी अक्षरशः ऐकलं. स्कूटरची किल्ली काढून घेतली, ठेचा बंद केला. नातवंडं त्यांना संडासाच्या दाराबाहेरून हाका मारू लागली. जठारपेठेच्या घराचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. बीपीनं नव्हे, न्यूमोनियानं. स्वतःच्या घरात राहून, स्वतःच्या खुर्चीवर बसून, मनासारखी वर्षं काढून गेल्या.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. विद्या म्हणाली, "आई, घर विकणार नाही." नाही. मी म्हणालो, "काकू, तुळशीला पाणी घालीन." नाही. ऊन वर आलं. सगळ्यांच्या माना हळूहळू दादारावांकडे वळल्या. ते छत्रीखाली घाम पुसत होते.

"घर मांगनार नाही," ते पुटपुटले. कावळा नाही.

"गोळ्या घेईन." नाही.

दादारावांनी छत्री मिटली, दोन पावलं पुढे गेले. "नाटक नव्हतं वं सुमन ते," म्हणाले. "मीच खोटं बोललो."

कावळा आला. लोक म्हणाले, चमत्कार झाला. छे! मी पाहत होतो ना. तो केव्हाचा समोरच्या बाभळीवर बसला होता, वाक्य पूर्ण व्हायची वाट पाहत.