दोन गावांच्या पुनवेचं पाणी

दिवाळे गावात मालतीबाईंना वेळ विचारली तर त्या आधी तिथी सांगतात. चाळीस वर्षं त्यांनी बेलापूरच्या खाडीत शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचल्या. ओहोटी लागली की कमरेला पाटी बांधून चिखलात उतरायचं, पाणी फिरलं की बाहेर. त्याला घड्याळ लागत नाही. तिथी तीनने गुणायची, चाराने भागायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा; पुनवेला सव्वाअकरा येतात, पण पाणी पुरतं भरतं बाराला. सासूने शिकवलेला हा हिशोब त्यांना कधी चुकलेला नाही.

चुकला तो मागच्या वर्षी, आणि तोही नातीच्या बाबतीत.

त्यांची नात उन्नती नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी ती कॅनडात गेली, पूर्वेच्या किनाऱ्यावर, तीनशे घरांच्या गावात. तिथल्या वृद्धाश्रमात तिची नोकरी. दिवाळ्यात सांजवात लागते तेव्हा तिच्याकडे सकाळचे साडेदहा झालेले असतात. इथे पाम बीच रोडवर गाड्यांची रांग, तिथे दुकान सहाला बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण गाव खाडीकाठचं. तिथली माणसंही ओहोटीला बादल्या घेऊन चिखलात उतरतात आणि शिवल्या काढतात, हे ऐकून मालतीबाईंचा जीव थंडावला होता. पोरगी परक्यात गेली नाही, असं त्या म्हणायच्या.

म्हणून मागच्या नारळी पौर्णिमेला त्यांनी फोनवर सांगितलं, आपण दोघी एकाच वेळी दर्याला नारळ देऊ. इथे दुपारचे बारा म्हणजे तिथे पहाटेचे साडेतीन. उन्नती अंधारात उठली, अंघोळ करून काठावर गेली. पाणी कधीच फिरलेलं. पुढ्यात नुसता चिखल. उतरत्या पाण्याला नारळ देत नाहीत, भरल्या पाण्यालाच देतात. ती नारळ घेऊन परत आली.

“आजी, इथला दर्या माझा नारळ घेत नाय,” ती म्हणाली. “मी पुन्हा नाय जाणार.”

मालतीबाईंना ते लागलं. चूक त्यांची होती. चंद्र एकच असला तरी पाणी जगभर एकदम भरत नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि मनाशी ठरवलं, पुढच्या नारळी पुनवेला पोरीचा नारळ भरल्या पाण्यातच जाईल.

मग वर्षभर दर फोनला एकच प्रश्न, आज तुमचं पाणी किती वाजता भरलं? उन्नती आधी वैतागली. मग शेजारच्या एल्मर नावाच्या म्हाताऱ्याला विचारून सांगायला लागली. हा एल्मरही जन्मभर शिवल्या काढणारा. तिथे पाणी तीन मजले चढतं-उतरतं, हे त्याच्याकडून कळल्यावर मालतीबाईंनी त्या न पाहिलेल्या खाडीला हात जोडले. हिवाळ्यात तिथले लोक घड्याळ तासभर मागे घेतात, हेही कळलं.

“घड्याल मागं घ्या नायतर पुढं,” त्या म्हणाल्या. “पान्याला कोन सांगनार?”

होळीपर्यंत त्यांना उमगलं. सासूचा हिशोब तिथेही चालतो, फक्त तिथल्या घड्याळाने. उन्हाळी घड्याळाने पुनवेला तिथेही दुपारी बारा, जरा पुढे. म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ.

नातू मितेश सीवूड्सच्या मॉलमध्ये नोकरीला. तो हसला. हे सगळं नेटवर असतं, आजी, वर्षभर डोकं कशाला खाल्लंस, म्हणाला. मग त्याने फोनवर नारळी पौर्णिमेची तिथली भरती बघितली. बारा वाजून चौदा मिनिटं. त्याने दोनदा बघितलं आणि तो फोन आळीभर दाखवत फिरला.

पण उन्नती तयार होईना. पुन्हा रिकाम्या चिखलापुढे उभी राहायची तिची हिंमत नव्हती. मालतीबाईंनी आग्रह केला नाही. एवढंच म्हणाल्या, “मी गेल्या साली चुकले. औंदा वर्षभर मोजलंय. माझ्यावर इसवास ठेव.”

उन्नती दोन तास गाडी चालवून शहरातून नारळ घेऊन आली.

यंदा मालतीबाईंनी आपला नारळ दुपारी धक्क्यावरून दिला आणि संध्याकाळी मितेशचा फोन धरून बसल्या. पडद्यावर उन्हातली दुपार, निळं पाणी, काठावर उन्नती, आणि मागे टोपी हातात घेतलेला एल्मर.

“पानी थांबलंय का?” मालतीबाईंनी विचारलं.

“धक्क्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबलंय, आजी. चढत नाय, उतरत नाय.”

“मंग दे.”

उन्नतीने वाकून दोन्ही हातांनी नारळ सोडला. तो पायरीशी तसाच तरंगत राहिला. मितेशच्या हातातला चहा निवला. मग नारळ हळूच वळला आणि दर्याच्या दिशेने निघाला.

“घेतला गं, आजी,” उन्नती म्हणाली.

एल्मर काहीतरी विचारत होता. पुढच्या वर्षी बायकोला घेऊन आलो तर चालेल का, असं त्याचं म्हणणं होतं.

“येऊ दे,” मालतीबाई म्हणाल्या. “पन त्याला सांग, आपला नारल आपन आनायचा.”

सकाळी बाजारात त्यांनी पाटी उतरवली आणि शेजारणीने विचारायच्या आधीच सांगायला घेतलं, आमच्या तिकडच्या खाडीला काल पाणी कसं भरलं ते.