उलट्या बाजूचा उजेड

काजवा हे नाव त्याला मेहुण्याने चेष्टेने दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गाड्यांना बाहेरून घेतलेले दिवे बसवणं, त्यांच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासणं, आत शिरलेली वाफ काढणं, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. दिवे बसवणारे गल्लोगल्ली आहेत. पण दुकानासमोरच्या भिंतीवर खडूने आडवी रेघ मारून, दिव्याचा उजेड त्या रेघेवर आणल्याशिवाय गाडी न सोडणारा हा एकटाच. "आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत गेला तर तो उजेड कसला? तो गुन्हा!" असं म्हणायचा. लोक त्याला उंटावरचा शहाणा समजायचे आणि दिवे मात्र त्याच्याकडूनच बसवून घ्यायचे.

ब्रेडवाल्याच्या जुन्या व्हॅनचे दिवे इथे मिळेनात, म्हणून काजव्याने ते परदेशातून मागवले. फोटो पाहिला, किंमत पाहिली आणि भुलला. सात आठवड्यांनी खोकं आलं. त्याने भिंतीवर उजेड टाकून पाहिला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. दिव्याचा उजेड रस्त्याच्या कडेला जरा वर चढलेला असतो, पायी चालणारी माणसं दिसावीत म्हणून. हा नेमका उलट्या बाजूला चढला होता. जिथे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात, अशा देशासाठी बनवलेले दिवे होते ते. इकडे ते थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार.

परत पाठवायचे तर आणखी सात आठवडे, आणि ब्रेडवाला डोक्यावर बसलेला. "अहो, दोन महिने एका दिव्यावर चालवतोय मी! लावून टाका ना." काजव्याने लावले. मग स्क्रू फिरवून दोन्ही दिवे इतके खाली झुकवले की उजेड कोणाच्या गुडघ्याच्या वर जाऊ नये. "यांना हात लावू नका," एवढं बजावलं. का लावू नये, ते सांगायची त्याला लाज वाटली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने भिंतीवरची रेघ पुसून गाडी सोडली.

चौथ्या दिवशी, अंधार पडता पडता, ब्रेडवाल्याचा फोन आला.

"दिवे फारच खाली बघत होते हो. आज मीच स्क्रू फिरवून वर घेतले. काय उजेड पडतोय म्हणून सांगू! समोरचे मुकाट्याने बाजूला होतात."

"आहात कुठे तुम्ही?"

"हा काय, कालव्याच्या रस्त्याला लागलो."

काजव्याने घड्याळ पाहिलं. त्याची बायको दवाखान्यातलं काम संपवून याच वेळी, याच रस्त्याने स्कूटरवरून घरी यायची. रस्ता अरुंद, आणि येताना कालवा तिच्या कडेला, कठडा नसलेला. "थांबा! गाडी बाजूला घ्या!" तो ओरडला, पण फोन कधीच बंद झाला होता. त्याने बायकोला लावला. नुसता वाजत राहिला. स्कूटर चालवताना ती फोन घेत नसे. ही शिस्त त्यानेच लावली होती.

दुकान उघडंच टाकून त्याने मोटरसायकल काढली. आज तिला उशीर होऊ दे, एवढंच तो वाटभर पुटपुटत होता. एरवी तिला पाच मिनिटं उशीर झाला तरी कटकट करणारा माणूस हा.

कालव्यावर वळल्यावर व्हॅनची पाठ दिसली. मागून सगळं लख्ख दिसत होतं. पलीकडची कड, गवताचं पातं न् पातं, आणि समोरून येणारी निळी स्कूटर. बायकोने एक हात डोळ्यांवर धरला होता. वेग कमी झाला होता, ती थांबतच होती. वाचली, असं त्याला वाटलंसुद्धा. पण जिवाला धीर निघेना. ब्रेडवाल्याने थांबावं म्हणून त्याने हॉर्नवर अंगठा दाबला तो सोडलाच नाही.

डोळ्यांना काही दिसत नसलं की माणूस आवाजापासून लांब सरकतो. ती कालव्याच्या कडेला सरकली. आणखी जराशी सरकली. मग त्या उजेडात नुसता रस्ता राहिला.