उंबऱ्याबाहेर झटकलेली धूळ

लॅबमधल्या झायलीन या रसायनाच्या उग्र वासाने आज बाबांची ती भेट आठवली. भनपुरीच्या लोखंडाच्या कारखान्यातून आले की ते उंबऱ्याबाहेरच शर्ट झटकायचे. माझं मेडिकल कॉलेज बघायला आले, तेव्हाही दारात आधी शर्ट झटकला, मग श्वास रोखून मायक्रोस्कोपला डोळा लावला. समोर निरोगी फुफ्फुसाचा काप होता. रिकाम्या वायुकोशांच्या गुलाबी कडा मलमलीहून तलम.

"एवढं नाजूक? याच्यावर धूळ बसली तं झटकाची कशी?" त्यांनी विचारलं.

"श्वास तं घ्या, बाबा!" मी हसले होते.

आज मायक्रोस्कोपखाली त्यांच्याच फुफ्फुसाचा काप आहे. त्या तलम कडांमध्ये काळे कण रुतलेत. घरात कणभर धूळ न आणणाऱ्या बाबांनी ती कुठे ठेवली होती, ते आज दिसलं.