गंजलेला बोल्ट

माझ्या गाडीखाली उताणा पडलेला इस्माईल मिस्त्री तासभर एका बोल्टशी झुंजत होता. मागचा शॉकॲब्सॉर्बर बदलायचा होता आणि समुद्राच्या वाऱ्यात वीस वर्षं काढलेला बोल्ट हलत नव्हता. डिझेल ओतून झालं, पान्याला पाईप लावून झाला.

“सर, गाडी खालून कधी धुतली होती?”

“दर दसऱ्याला पूजा करतो. हार, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू.”

“म्हणजे वरूनच.”

खरं होतं. आपली श्रद्धा बॉनेटपर्यंतच पोचते. वाकून खाली पाहायला कुठला मुहूर्त नसतो. बायकोची साठी आम्ही सनई लावून केली, पण तिच्या पायांवरची सूज वर्षभर कुणी पाहिली नाही. आता आठवड्यातून दोनदा याच गाडीतून तिला रत्नागिरीला डायलिसिससाठी न्यावं लागतं.

खालून कडकन आवाज आला. इस्माईल बाहेर सरकला. त्याच्या हातात बोल्ट होता आणि बोल्टाला चिकटून आलेला मूठभर कुजका पत्रा.

“बोल्ट धड आहे, सर. तो ज्यात बसतो तेच राहिलं नाही. वेल्डिंगही धरणार नाही.” हात पुसत त्याने विचारलं, “उद्या वहिनींना कशातून नेणार?”

“एसटीने,” मी म्हणालो. येताना तिला धड उभंही राहवत नाही, हे त्याला सांगितलं नाही.