वरचा मोहल्ला, खालचा मोहल्ला

माझा धंदा ऐकला की गोंदियातले लोक आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. बिचारा कसं निभावत असेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. मी अस्तित्वातच नसलेल्या शहरांचे नकाशे काढते. वेशी, बाजार, गल्ल्या, बुरूज, स्मशान, सगळं आखून देते. टेबलाभोवती बसून खेळायचा एक खेळ आहे, त्याला ही शहरं लागतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. मनाला येईल ते करायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा टाकून ठरवायचं. एवढंच आहे. पण शेजारच्या काकूंना कितीही समजावलं तरी शेवटी त्यांनी नकाशावर बोट ठेवून विचारलंच, "ये कोनेवाला प्लॉट कितने में जाएगा?"

त्यांचा तरी काय दोष? गावाबाहेर धानाच्या बांध्यांवर, म्हणजे भातखाचरांवर, चुना मारून जो तो लेआउट पाडून राहिला आहे, त्यात माझा आणखी एक. मी म्हटलं, काकू, त्या प्लॉटखाली राक्षस राहतो. त्या म्हणाल्या, "तो फिर रेट कम करो."

माझ्या नकाशांची एक खोड आहे. बाकीचे लोक उंचावर राजाचा किल्ला काढतात. मी तलाव काढते. माझं माहेर इटियाडोह धरणाच्या बाजूचं, आणि आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काहीच केलं नाही, तलावाच्या पाळी, म्हणजे मातीचे बांध, घातले आणि पाणी अडवलं. त्यामुळे कागद समोर आला की हात आधी तलाव काढतो, मग पाट, मग पाटाच्या तोंडाशी वरचा मोहल्ला आणि शेवटाला खालचा मोहल्ला. राजाला उरलेल्या जागेत बसवते. परदेशातली गिऱ्हाइकं विचारतात, बाई, दारूचा गुत्ता कुठे आहे, भुयार कुठे आहे? मी म्हणते, आधी पाणी कुठून येतं ते बघा, मग प्या काय प्यायचं ते.

आता माझे भाऊ. दोघंही माझ्याहून मोठे. थोरल्याला मी दादा म्हणते, धाकट्याला भाऊ. बाबा गेल्यावर वाटणी झाली. तलाव एकच, पाट एकच. दादाच्या बांध्या पाटाच्या तोंडाशी, भाऊच्या शेपटाला. एका वर्षी ऐन दाणा भरायच्या वेळी पावसानं दडी मारली. दादाच्या बांध्या भरल्या आणि भाऊपर्यंत पाणी पोचलंच नाही. त्याचं धान उभ्या उभ्या वाळलं. भाऊ पाळीवर चार लोकांसमोर दादाला नको ते बोलला. दादानं तिथंच सांगितलं, आजपासून तुह्याशी बोलनं बंद. आमच्या घरी शेती जेवढ्या कष्टानं करतात तेवढ्याच कष्टानं अबोला धरतात. दोघांत विस्तव जाईना.

याचा त्रास त्यांना किती झाला ते त्यांना माहीत. मला मात्र फार झाला. भाऊबीजेला माझ्या घरी दोन ओवाळण्या, दोन स्वयंपाक. एक गल्लीतून बाहेर पडला की मग दुसरा पानठेल्याच्या आडून बाहेर यायचा. पन्नाशीला आलेली माणसं, लाज नाही वाटत? मला माझे दोन्ही भाऊ एका पंगतीत जेवताना बघायचे होते, आणि एकमेकांशी बोलताना. देवाकडे दुसरं काही मागणं उरलं नव्हतं.

त्या भाऊबीजेला दादाची बस उशिरा पोचली आणि भाऊ लवकर टपकला. दोघं एकाच वेळी माझ्या हॉलमध्ये. एक सोफ्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, दोघांची तोंडं फुगलेली. नवऱ्याचे दोन दोस्त संध्याकाळी नवा नकाशा खेळून बघायला येणार होते, म्हणून तो टेबलावर पसरलेला. एकमेकांकडे बघायचं नाही म्हटल्यावर माणूस बघणार कुठे? दोघं नकाशाकडे बघत बसले.

बऱ्याच वेळानं दादानं मला विचारलं, "बाई, या तलावाचं पानी आधी कोनाले जाते?"

"वरच्या मोहल्ल्याले," मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं.

भाऊ खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "जाते नाही. वरचा मोहल्ला अडवते."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. खिडकीला का होईना, पण एकाच्या बोलण्यावर दुसरा बोलला होता. मी गॅस बंद केला आणि दोस्तांना फोन लावला, येऊ नका, घरात ताप आहे. ताप होताच, दोन होते. मग दोघांना टेबलाशी ओढलं. म्हटलं, माझं काम अडलं आहे, बहिणीसाठी तासभर बसाल की नाही?

पात्रांचे कागद तयारच होते. दादाच्या वाट्याला चोर आला, भाऊच्या वाट्याला मांत्रिक, नवरा योद्धा. दादानं आयुष्यात कोणाच्या झाडाचा पेरू तोडला नाही. तो म्हणाला, "मी चोरी नाही करत."

"दादा, तू नाही, चोर करते."

"मंग चोराले सांग, करू नको म्हना."

बाजारात पोचल्यावर त्याच्या चोरानं तलवारीचे पूर्ण पैसे मोजले आणि वर पावती मागितली. भाऊचा मांत्रिक तीनशे वर्षांचा, बिनलग्नाचा, एका मनोऱ्यात एकटा राहणारा. एवढी सगळी विद्या हातात आल्यावर भाऊनं पहिला प्रश्न विचारला, "मंत्रानं युरिया येते का?"

इथवर ठीक होतं. पण दादाला मांत्रिकाशी काही बोलायचं असलं की तो माझ्याकडे वळायचा, "बाई, मांत्रिकाले सांग." मी तिथल्या तिथे नियम केला, खेळात थेट बोलायचं, नाहीतर पाळी जाते. असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही. नवऱ्याला सगळे नियम पाठ आहेत, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो फासा पुसायला लागला.

दादा मात्र अडला. "मी चार लोकांत सांगितलं आहे, बोलनार नाही म्हनून."

नवरा रेल्वेत तिकीट खिडकीवर बसतो. अडलेल्या माणसाला कुठल्या गाडीनं पाठवायचं हे त्याला बरोबर सुचतं. तो म्हणाला, "दादा, तुम्ही कहाँ बोल रहे? चोर बोलून राहिला."

दादानं हे वाक्य बैलाचे दात तपासावेत तसं तपासलं. मग म्हणाला, "असं असंन तं चालते. चोर म्हनते का, मांत्रिकानं पाटाजवळ कायले उभं राहावं?"

"मांत्रिक म्हनते का, पाट चोराच्या बापाचा नाही," भाऊ म्हणाला.

झालं, सुरू. डोंगरात एक ड्रॅगन झोपला होता, त्याला मारायचं म्हणून हा सगळा घाट घातलेला. पण तिकडे कोणी फिरकलं नाही. मांत्रिकानं मंत्र टाकून पाळीला भोक पाडलं, चोरानं अंगावरची घोंगडी कोंबून ते बुजवलं. योद्धा मध्ये मध्ये विचारायचा, "अरे, ड्रॅगन का क्या करना है?" आणि दोघं एका सुरात त्याला गप्प करायचे, तेवढी एकी होती. आवाज इतका चढला की काकू फाटकाशी आल्या, "क्या हुआ, बँटवारा चल रहा है क्या?" मी म्हटलं, नाही काकू, खेळून राहिले.

मग भाऊचा आवाज एकदम खाली आला. "मांत्रिक म्हनते का, खालच्या मोहल्ल्याचा दाना भरत होता. एक रात पानी सोडलं असतं तं धान वाचलं असतं. पानी नाही तं नाही, वरच्या मोहल्ल्यानं शेताच्या धुऱ्यावर येऊन एकदा पाहून तं जावं."

दादा फासा बोटांत फिरवत राहिला. "चोर म्हनते का," एवढं म्हणाला आणि फासा खाली ठेवून दिला. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकलायला आत गेले.

टेबलावर नकाशा होता म्हणून पानं खाली मांडली. दोघं एका पंगतीत जेवले. माझं अर्धं मागणं देवानं ऐकलं. हात धुतले आणि दोघं पुन्हा दादा आणि भाऊ झाले. एक बसस्टँडकडे, एक मोटरसायकलवर, एकमेकांना "येतो" सुद्धा नाही. दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालावासा वाटला मला.

पण महिनाभरानं दादाचा फोन आला, "बाई, त्या शहराचं काय झालं?" त्याच दिवशी भाऊचाही. म्हटलं, या आणि बघा. ते यायला लागले. रोवणी झाली, कापणी झाली, शेतीचं काम आटोपलं की दोघं हजर. गिऱ्हाईकाला तो नकाशा केव्हाच पोचला, ड्रॅगन अजून झोपलेला आहे, आणि माझ्या टेबलावर पाण्याच्या पाळ्या ठरून राहिल्या आहेत. वरच्यानं चार दिवस घ्यायचं की पाच, यावर आख्खी दुपार जाते. दाराबाहेर मात्र अबोला जसाच्या तसा. मी आशा सोडली होती. आधी वाटायचं खेळातून गाडी रुळावर येईल. मग वाटायला लागलं, या दोघांना आता फक्त खेळातच भाऊ व्हायचं आहे.

मागच्या महिन्यात भाऊच्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं, इथेच गोंदियाला. दादा मला फोन करकरून विचारायचा, तुही वहिनी कशी आहे. मी चिडून म्हटलं, तुला तोंड नाही का, त्यालाच विचार. तो फोन ठेवून द्यायचा. ती घरी गेल्यावर पुढच्या रविवारी भाऊ खेळायला आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. फाशाला हात लावेना.

नवरा म्हणाला, "चला, पाटावर कोणाची पाळी?"

दादा नकाशावरच्या मनोऱ्याकडे बघत होता. म्हणाला, "चोर म्हनते का, मांत्रिकाच्या घरी आता तब्येत कशी आहे?"

मांत्रिकाचं लग्न झालेलं नाही हे कागदावर ठळक लिहिलेलं. नियमवाल्या नवऱ्यानं तोंड उघडलं, तशी मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

भाऊनं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "टाके निघाले. पेज घेते. मांत्रिक म्हनते का, रात्री लय दुखते तिले."

"चोर म्हनते का, पाहाले आलं तं चालन का?"

"चोर कवापासून विचारून याले लागला?"

दादानं पंच्यानं तोंड पुसलं. "उद्या सकारी येतो मंग," तो म्हणाला. चोर म्हनते, हे लावायचं तो विसरला, आणि आम्ही कोणी त्याला आठवण करून दिली नाही.