शंका आली की बाजूला

तिला सगळे काचबाई म्हणायचे. बाटल्यांच्या कारखान्यात बारा वर्षं ती तपासणीला होती. समोर पांढऱ्या उजेडाचा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात. बुडबुडा, तडा, वाकडी मान दिसली की बाटली उचलून पेटीत टाकायची. नजर हलवायची नाही, कानात बोळे, त्यामुळे शेजारणीशी बोलणंही नाही. नियम एकच: शंका आली की बाजूला. चांगली बाटली फुकट गेली तर कुणी विचारत नाही, ती पुन्हा वितळते. खराब सुटली तर मात्र सात पिढ्यांचा उद्धार होतो.

घरीही बोलणारं कुणी नव्हतं. आई नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. कूस बदलणं, जखमा धुणं, नळीतून भरवणं, सगळं हिनंच केलं. भाऊ वरच्याच मजल्यावर राहायचा, पण तेवढा जिना उतरायला त्याला मुहूर्त लागायचा. आई गेली आणि खोलीत रिकामा पलंग उरला.

मग एका रविवारी ती आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत आली. तिथं मी पोरांचे फॉर्म भरून देते, अडलेलं समजावते. तिला नर्सिंगच्या पदवीला जायचं होतं. बारावी बाहेरून दिलेली, वय चौतीस. पस्तिशीनंतर त्या प्रवेशपरीक्षेला बसू देत नाहीत. म्हणजे झाली तर याच वर्षी, नाहीतर जन्मभर पट्टा. भावाच्या कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, की दप्तर घेऊ नकोस, माझ्या पोरीचं जुनं आहे. त्यावर वहिनी हसली. काचबाईनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता, माझ्याच डोक्यात तिडीक गेली.

सहा महिने ती दर रविवारी यायची. सतरा-अठरा वर्षांच्या पोरी घोळक्यानं बसायच्या, ही कोपऱ्यातल्या बाकावर. शरीरशास्त्र तिला तोंडपाठ नव्हतं, हातपाठ होतं. पण सराव परीक्षेत शंभरातले पन्नास प्रश्न कोरे. मी विचारलं, येत नाहीत? तर म्हणाली, येतात, पण खात्री नाही.

मी फळ्यावर मांडून दाखवलं. ही परीक्षा म्हणजे बारावीचा पेपर नव्हे. इथं अक्षर बघत नाहीत, पायऱ्यांचे गुण नाहीत. चार पर्याय, एक बरोबर. बरोबरला एक गुण, चुकलं तर पाव गुण कापणार, कोरं सोडलं तर शून्य. आता चार प्रश्नांत तू दोन-दोन चुकीचे पर्याय खोडलेस आणि उरलेल्या दोनांतला एक अंदाजानं टिपलास. सरासरीनं दोन बरोबर येतील, दोन चुकतील. दोन मिळाले, अर्धा गेला, दीड तुझा. कोरं सोडून काय मिळालं? भोपळा.

तिला हिशोब लगेच कळला. हात मात्र वळेना.

"ताई, अंदाजानं सोडलेली बाटली कुणाच्या तरी हातात फुटते."

"अगं बाई, इथं बाटली नाही, प्रश्न आहे! फुटला तर पाव गुण फुटेल." मी ओरडलेच. सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या. ती मान खाली घालून वही आवरू लागली. त्या दिवशी मी तिची माफी मागायला हवी होती. नाही मागितली.

परीक्षा संगणकावर झाली. निकाल लागला तेव्हा ती कारखान्यातून थेट आली, केसांवर जाळी तशीच. एकाहत्तर पर्सेंटाइल. तिला वाटलं, शंभरातले एकाहत्तर गुण, चेहरा फुलला. तिच्याकडे न बघताच मी सांगितलं, हे गुण नव्हेत, शंभरांतले एकाहत्तर जण तुझ्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. शेवटची जागा एकोणऐंशी पर्सेंटाइलला भरली होती.

तिनं तो आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "एवढी माणसं मागे, आणि ओळखीचं एक नाही."

उत्तरपत्रिका पडद्यावर उघडून मी एकेक प्रश्न वाचला. टिपलेले एकोणसाठ, त्यातले फक्त तीन चुकलेले. एकेचाळीस कोरे. आता मनात काय होतं ते सांग, म्हटलं. ती बोट ठेवत गेली. मी बरोबर उत्तरांशी ताडून बघत गेले. सत्तावीस बरोबर निघाले. चुकलेल्या चौदांचे साडेतीन गुण कापूनही प्रवेश झाला असता, वर जागा निवडता आली असती.

मला वाटलं, रडेल. ती नीट बसली.

"म्हणजे मला येत होतं."

"येत होतं," मी म्हटलं.

हे तिनं आणखी एकदा म्हटलं आणि मी आणखी एकदा तेच सांगितलं. मग ती म्हणाली, "ताई, चला ना, माझ्याकडे चहा घ्या. जवळच आहे. दहा मिनिटं."

बाहेर अकरा पोरं निकालाचे कागद घेऊन उभी होती. पुढच्या रविवारी येते, म्हटलं. ती बरं म्हणाली, केसांवरची जाळी काढून पिशवीत ठेवली आणि निघाली.

पुढच्या रविवारी मी तिच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप होतं. वरून वहिनी म्हणाली, आता ती रविवारचीही पाळी घेते. घरी बसून करणार काय?